बिनतिकिटाची पेटी

आमचे शेजारी दाजी घराबाहेर पडताना गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर काढतात, जुन्या पंच्यात गुंडाळतात आणि पिशवीत घालून बरोबर नेतात. बाजारात जाताना, पोस्टात जाताना, अगदी देवळात जातानासुद्धा. बाकीची माणसं घराला कुलूप लावून किल्ली नेतात, दाजी घर उघडं टाकून चूलच घेऊन जातात. एकदा मासळी बाजारात पिशवीतून पंचा ओढताना तो रेग्युलेटर खाली पडला. मासेवालीने तो खेकडा पाहावा तसा उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "दाजीनू, ही खंयची कुर्ली हाडलात?"

"ती माझ्या घरची आसा," दाजी म्हणाले. "तू तुझी दाखय. कालची दिसता. वास येता."

वाडीचं याबाबतीत एकमत होतं. दाजींचा बायकोवर विश्वास नाही. "च्या करून पियात म्हणान गॅस घेवन जाता मेलो," असं विहिरीवर बोललं जायचं. मालूकाकी, म्हणजे दाजींच्या सौभाग्यवती, तिथेच कळशी भरत असायच्या. त्या हसायच्या. "तेंची सवय ती," एवढंच म्हणायच्या आणि कळशी उचलायच्या. त्यामुळे त्यांच्याबद्दलची सगळ्यांची दया आणखी वाढायची.

मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. दीड वर्षापूर्वी सावंतवाडीहून बदली झाली आणि मी, बायको मेधा आणि आमचं बिऱ्हाड या वाडीत दाजींच्या शेजारी येऊन पडलं. दोन घरांच्या मध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा. सामान उतरत असताना त्या गडग्यावरून एक टक्कल आणि एक नाक वर आलं आणि मेधाला विचारलं, "खंय चढलात?"

"सावंतवाडीला," ती म्हणाली. तिला वाटलं, बसचं विचारतायत.

तसं ते बसचंच होतं. दाजींनी तीस वर्षं एस्टीत तिकिटं तपासली. नोकरी संपली, तपासणी संपली नाही. घरात, दारात, वाडीत जे काही नवीन येईल त्याला दाजी हात दाखवून थांबवतात. खंय चढलंस? खंय उतारतलंस? तिकीट दाखय. पाण्याच्या फिल्टरला त्यांनी हे विचारलं. आमच्या शेजारच्या नव्या सुनेला विचारलं. फोनवर 'आपण डायल केलेला क्रमांक' म्हणणाऱ्या बाईबद्दल तर त्यांना पहिल्यापासून संशय आहे. "दर खेपेक ताच बोलता. एक शबुद इकडचो तिकडे नाय. ही पढवलेली साक्षीदार."

आणि नाक. दाजी कोणाच्याही घरात शिरतात ते आधी नाकाने. आमच्या पायरीवर उभे राहतात, डोळे अर्धे मिटतात, छाती भरून घेतात आणि निकाल देतात. "कालचा सार आसा. दोनदां गरम केलात." मेधाला ह्याचा फार राग येई, कारण सार कालचंच असे. स्वतःच्या घरीही तेच. काकी स्वयंपाक करत असल्या की दाजी त्यांच्या पाठीमागे उभे. भांडं उघडलं की नाक पुढे. मालूकाकी म्हणजे वाडीतली पहिल्या नंबरची सुगरण. लग्न कोणाचंही असो, मसाला काकींनी भाजला तरच वडे-सागोतीला चव, असा इथला कायदाच. तर त्या मसाला भाजायला बसल्या की शेजारी दाजी उभे, आणि मधूनमधून मोठ्याने खोकतायत. बायका म्हणायच्या, "दाजीनू, ठसको लागता तर भायर जावा मां!" दाजी हलायचे नाहीत. खोकत उभे राहायचे.

अशा माणसाच्या शेजारी आमच्याकडे मायक्रोवेव्ह आला.

माझ्या मेव्हण्याने कुडाळला नवा घेतला आणि जुना आमच्याकडे पाठवून दिला. खोका उघडायच्या आत दाजी गडगा ओलांडून हजर.

"ही कोण?"

"मायक्रोवेव्ह, दाजी. यात जेवण गरम होतं."

"खंय चढली?"

"कुडाळ."

"आग खंय आसा हिची?"

"आग नसते."

"धूर?"

"नाही."

"वास?"

"वास कसला? वीज आहे ती."

दाजींनी पेटीभोवती एक फेरी मारली. मागे वाकून पाहिलं, खाली वाकून पाहिलं. "आग नाय, धूर नाय, वास नाय, आणि आतला शिजता. मास्तर, ह्यो बिनतिकिटाचो प्रवास आसा."

मी विज्ञानाचा मास्तर. अशी संधी सोडतो कशाला? मी त्यांना लहरी समजावल्या, पाण्याचे कण समजावले. ते कण जोरजोरात हलतात आणि त्यामुळे पदार्थ तापतो, असं सांगितलं.

"म्हणजे पाण्याक कापरा भरता."

"तसं म्हणा हवं तर."

"कोणाक भियान?"

वीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. तोवर दाजींनी खोक्यातली माहितीपुस्तिका उचलली. ती अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत होती, म्हणजे मेव्हण्यानेही उघडली नव्हती. "ह्या वाचलात?"

"त्यात काय वाचायचंय, दाजी?"

तिकीट दुसऱ्या शर्टाच्या खिशात राहिलं असं शपथेवर सांगणाऱ्या प्रवाशाकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुस्तिका घेऊन गेले.

आठ दिवसांनी परत आले ते लाल पेन्सिल कानावर लावून. पुस्तिकेतला हिंदी भाग त्यांनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला होता आणि पानोपानी खुणा केल्या होत्या. मग आमच्या स्वयंपाकघरात रीतसर तपासणी झाली. मेधाने हौसेने विणलेलं क्रोशाचं झाकण पेटीवर होतं, ते दाजींनी दोन बोटांनी उचललं. "बाजूची भोकां झाकलात. हिचो जीव घुसमाटतलो." पेटी भिंतीला टेकली होती, ती हातभर पुढे ओढायला लावली. फ्रीजच्या बोर्डातून घेतलेली वायर काढून वेगळ्या प्लगात घालायला लावली. आतून स्टीलची वाटी निघाली. मी आमटी गरम करणार होतो. "धातू चलणा नाय! पान तीन! ठिणगे उडतले!" सोनेरी काठाचे कप निघाले, तेही जप्त. काठ म्हणजे धातूच, असं दाजींचं म्हणणं, आणि पुस्तिकेचंही.

मेधाने घट्ट झाकणाचा डबा पुढे केला.

"झाकण लावन गरम करशात, तर वाफ खंयच्या दारान उतारतली?"

"आणि हे बघा दाजी, ही अशी चालू होते." मी रिकामीच पेटी चालू करून दाखवली.

"बंद करा! प्याशिंजर नाय तर गाडी कित्या सोडतास?"

शेवटी त्यांनी पाण्याबद्दल बजावलं. कपातलं पाणी गरम केलं की लगेच हात घालायचा नाही, चमचाही नाही; आधी थोडं थांबायचं आणि मग चमचा घालायचा. "वर निवांत दिसता, आत खदखदता. आमचो एक सायब होतो तसो." मी हसलो. मनात म्हटलं, म्हाताऱ्याला उद्योग नाही.

मे महिन्यात त्या हसण्याची फेड झाली. फणस खाऊन झाला होता, आठळ्या धुऊन ठेवल्या होत्या. चुलीत भाजायच्या तर चूल नाही. मी मूठभर आठळ्या काचेच्या बशीत घेतल्या आणि पेटीत घालून पाच मिनिटं लावली. दुसऱ्या मिनिटाला पहिला बार उडाला. मग दुसरा. मग एकदम सहा-सात. मेधा किंचाळली, आतून धूर दिसू लागला आणि मी दाराच्या खटक्याला हात घातला.

"दार उघडू नको!" गडग्यावरून दाजी आले ते अक्षरशः उडी मारून. एरवी मला 'तुमी' म्हणणारा माणूस थेट 'तू'वर आला होता. त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं, प्लग ओढला आणि पेटीपुढे पाठ करून उभे राहिले. आतले बार थांबले. धूर निवला. मग त्यांनी दार उघडलं, आत नाक घातलं आणि विचारलं, "टोचलात?"

"काय?"

"आठळ्यो. पान सात. साल असलेला काय पण घालताना आधी टोचूचा."

तेव्हापासून वाडीत माझं नाव आठळी मास्तर.

इथपर्यंत मला दाजी नुसते विक्षिप्त वाटत होते. मग शिरवाळ्यांचं प्रकरण घडलं आणि आमचं बिनसलं. काकींनी शिरवाळे, म्हणजे नारळाच्या गोड रसातल्या तांदळाच्या शेवया, केले आणि भलंमोठं वाडगं गडग्यावरून मेधाच्या हातात दिलं. इतक्यात दाजी मागून धावत आले. नाक पुढे, पंचा खांद्यावरून घसरलेला. त्यांनी ते वाडगं मेधाच्या हातातून चक्क काढून घेतलं.

"ह्या देवक नको. ह्या माका होया."

"सगळा?" काकी म्हणाल्या.

"सगळा. माका आवाडतत." आणि आम्ही पाहत असताना, उभ्या उभ्या त्यांनी त्यातले दोन-तीन घास खाल्ले आणि वाडगं घेऊन घरात गेले.

काकी ओशाळल्या. मेधा तर रडकुंडीला आली. "दिलेलं ताट परत नेणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी दाजी दिसले नाहीत. त्यांचं पोट बिघडलंय, असं काकींकडून कळलं. "बरं झालं," मेधा म्हणाली, आणि मीही तिला गप्प केलं नाही.

श्रावणात दाजींनी आपणहून बोलायला सुरुवात केली, तीही पेटीबद्दल. पण प्रश्न विचित्र. "मास्तर, माणूस इसारलो तर ती आपसून बंद होता?" होते, म्हटलं. "आणि घंटी वाजता?" वाजते. "कितीदां? न्हाणयेत आयकाक येता? मागल्यादारी?" रोज एक नवा प्रश्न. आता मलाच वास येऊ लागला. हा माणूस आमच्या पेटीविरुद्ध ग्रामपंचायतीत अर्ज करणार, असा माझा अंदाज. मेधाचा अंदाज, ते पेटी उचलून नेणार, शिरवाळ्यांसारखी.

आणि एका सकाळी दाजी म्हणाले, "मास्तर, चला कुडाळाक. पेटी घेवची आसा."

मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. रेग्युलेटर पिशवीत, पिशवी मांडीवर, असे आम्ही बसने कुडाळला गेलो. दुकानदाराने बिचाऱ्याने ग्रिल दाखवला, केक कसा होतो ते सांगितलं. दाजी म्हणाले, "ता रवांदे. घंटी वाजवा." त्याने वाजवली. दाजी दुकानाच्या दारापर्यंत गेले. "परत." मग रस्ता ओलांडून पलीकडच्या टपरीपाशी उभे राहिले आणि तिथून हात केला. सगळ्या पेट्या अशा वाजवून झाल्या. दुकानदार माझ्याकडे पाहत होता, मी छताच्या पंख्याकडे. जिची घंटा टपरीपर्यंत आली ती पेटी दाजींनी ठरवली.

परतीच्या बसमध्ये मला राहवलं नाही. "दाजी, तुमचा तर हिच्यावर विश्वास नव्हता."

"अजून नाय."

"मग?"

"इस्वास नसलो तरी गाडयेत बसाकच लागता, मास्तर."

दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पोने खोका आला. वाट अरुंद म्हणून टेम्पोवाल्याने तो रस्त्यावरच उतरवला. रस्ता हाकेच्या अंतरावर, म्हणून दाजी त्या दिवशी पिशवी न घेताच खाली आले होते. एका टोकाला दाजी, दुसऱ्या टोकाला मी, असे तो घेऊन आम्ही वर आलो. वारा भन्नाट सुटला होता. माजघर ओलांडलं आणि माझं नाक एकदम भरलं. गॅस. घसा धरेल इतका. समोर काकी शेगडीला टेकून उभ्या होत्या आणि शांतपणे कांदा चिरत होत्या. शेगडीवर दुधाचं पातेलं. बटण चालू, ज्योत विझलेली, आणि सुस्स असा आवाज. काकींच्या चेहऱ्यावर काही नाही.

दाजींनी खोका सोडला. त्याचा कोपरा माझ्या पायावर आला. मी ओरडणार होतो, "काकी, गॅस!" आणि माझा हात पंख्याच्या बटणाकडे गेला होता, हवा मोकळी करायला. दाजींनी माझं मनगट धरलं. असं धरलं की दोन दिवस दुखत होतं. मान हलवली. बटणाला हात नाही, तोंडही उघडायचं नाही. मग पुढे होऊन त्यांनी शेगडी बंद केली, रेग्युलेटर फिरवला, खिडकी सताड उघडली, मागचं दार उघडलं, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "काय वारो सुटलो हा गो! चल, भायर बसया वायच. मास्तर इलेत."

"आणि दूध?"

"दूध तापला. बघलंय मी."

दूध तापलं नव्हतं. पातेलं गार होतं, मी पाहिलं होतं. काकी सुरी ठेवून हसत अंगणात गेल्या.

मागच्या दारी, माडाच्या आळ्यापाशी दाजी खाली बसले.  

"दोन वर्सां झाली," ते म्हणाले. "ताप इलो होतो तिका. ताप गेलो, तो नाक घेवन गेलो. कसलोच वास येणा नाय. डॉक्टर म्हणाले, येयत परत. अजून ती गाडी येवक नाय."

"मग मसाला कोण भाजतं?"

"तीच भाजता. मी बाजूक उभो रवतंय. मिरची झाली, मी खोकतंय. धने झाले, खोकतंय. खोकलंय काय ती उतरवता."

मला त्या सगळ्या बायका आठवल्या, भायर जावा म्हणणाऱ्या.

"दाजी, वाडीत सांगितलं असतंत तर लोकांनी समजून घेतलं असतं."

"समजान घेतल्यानी असता. आणि पुढच्या लग्नाचो मसालो दुसरीकडे भाजूक दिल्यानी असतो." त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. "तिका दुसरा काय येता, मास्तर? ताच येता. नाक गेला ता गेला. पण वाडीत तिचा नाक जावक नको. म्हणान माझा फिरवतंय."

"आणि ही पेटी?"

"मी भायर पडलंय काय रेग्युलेटर माझ्या पिशयेत. मागे तिका कपभर च्या पण मिळणा नाय. दोन वर्सां देवगडाक भैनीकडे जावक नाय मी. ही पेटी बरी. इसारली तरी बंद होता, वर घंटी मारता. हिका नाक लागणा नाय."

आग नाय, धूर नाय, वास नाय. पहिल्या दिवशी त्यांनी पेटीवर ठेवलेले तिन्ही आरोप माझ्या कानात वाजले. मग मला दुसरंच काही आठवलं.

"दाजी, ते शिरवाळे..."

"रस आंबलो होतो."

"आणि तुम्ही खाल्लेत?"

"समोर तुमी दोघां उभी. न खावन कसा चलात?"

मला माझीच लाज वाटली. घरी जाऊन मी मेधाला सांगितलं, आणि ती त्या दिवशी जेवली नाही. आम्ही दोघांनी तिसऱ्याला सांगितलेलं नाही. इथे लिहितो आहे म्हणून कोणी नाक वर करू नये. दाजींचं खरं नाव दाजी नाही, काकींचं मालू नाही, आणि मालवणच्या आजूबाजूला वाड्या कमी नाहीत. बसा शोधत.

आता गडग्यापलीकडून अधूनमधून घंटा ऐकू येते, चांगली खणखणीत. ती ऐकली की आम्हाला कळतं, दाजी बाहेर गेले आहेत आणि काकी चहा घेतायत. काचेच्या कपात, बिनसोनेरी काठाच्या. पहिले काही दिवस काकी पेटीपासून चार हात लांब उभ्या राहायच्या. आता दार पुसतात, आतला शिंतोडा लगेच काढतात. आमच्या पेटीची, लाल पेन्सिलीच्या खुणांची पुस्तिका आता त्यांच्या मसाल्याच्या डब्यापाशी असते. वाडीचं म्हणणं मात्र बदललेलं नाही. उलट विहिरीवर नवीन भर पडली आहे. "शेवटाक पेटी हाडल्यान मेल्यान, पण गॅस काय ठेवणा नाय!"

शिमग्याच्या सुमारास दाजी देवगडला बहिणीकडे जाऊन आले. सकाळच्या बसने गेले, संध्याकाळी परत. मी ती पुस्तिका मागायला गेलो होतो, कारण आमच्या पेटीत मेधाला अंडं उकडायचं होतं आणि मला आता विचारल्याशिवाय काही करण्याचा धीर नव्हता. ("सालीसकट अजिबात नाय. बाँब तो.") दाजींनी पिशवी उघडली. पंच्यातून रेग्युलेटर काढून सिलिंडरला लावला. मग पिशवीच्या तळातून केळीच्या पानाची पुडी काढली. आत सुरंगीच्या फुलांचा वळेसार होता. सगळं घर दरवळलं.

काकींनी चहाचं आधण शेगडीवर ठेवलं, वळेसार केसांत माळला आणि माझ्याकडे न पाहता, सहज विचारावं तसं विचारलं, "कसो आसा वास?"

मला वाटलं, दाजी म्हणणार, वास येता. पण त्यांनी आमच्या पायरीवर मिटतात तसे डोळे मिटले, छाती भरून घेतली आणि थांबले.

"गेल्या वर्सापेक्षा वायच गोड," ते म्हणाले. "आधी मधासारखो येता. मगे मागसून वायच कडू. उन्हात सुकत घातलेल्या नव्या लुगड्यासारखो. लग्नात तुझ्या केसांत होतो, तसोच."

"लग्नात?" काकी हसल्या. "तेव्हा तुमी खंय इतके जवळ इलात वास घेवक?"

दाजी लालबुंद झाले. माझ्याकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, आणि मोठ्याने खोकले.

खोकला ऐकताच काकींनी सवयीने हात मागे नेला आणि शेगडी बंद केली. आधणाला उकळी आली नव्हती, चहा पावडर वरच तरंगत होती. काकींनी तो तसाच तीन कपांत गाळला. मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यालो. दाजीही प्याले.